चार धुराडी आणि बेचाळीस पानं

अटलांटिक महासागर जन्मात एकदाही न ओलांडता तो स्वतःच्या परसासारखा ज्यांना माहीत होता, असे गृहस्थ अख्ख्या जर्मनीत एकच होते. आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. हे माझं भाग्य की माझे भोग, याचा निकाल मी बरीच वर्षं चुकीचा लावत आलो. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलोय, तेव्हा वाचताना तुम्हाला मधूनमधून हसू येईल. यायलाच हवं, कारण मामा होतेच तसे. फक्त लिहिणाऱ्याची मान खाली आहे, एवढं ध्यानात असू द्या.

मामा झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात पस्तीस वर्षं होते. मोटारीचं दार ज्या पोलादी साच्यात पत्रा दाबून काढतात, तो साचा करायचा हे त्यांचं काम. रस्त्याने जाताना कडेला उभ्या असलेल्या मोटारीच्या दारावरून ते अलगद हात फिरवायचे आणि "हे माझं" म्हणायचे. एकदा त्या मोटारीचा मालक मागेच उभा होता आणि त्याला हे "माझं" कुठल्या अर्थाने, ते समजावण्यात आमची बस चुकली. पण हे सगळं झालं पोटापाण्याचं. मामांचा खरा जीव होता तो युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये एके काळी माणसांची ने-आण करणाऱ्या मोठमोठ्या प्रवासी जहाजांवर. चाकांनी पाणी कापत जाणाऱ्या पहिल्या आगबोटींपासून ते विमानं आल्यावर रिकामी धावू लागलेल्या शेवटच्या जहाजांपर्यंत सगळा इतिहास त्यांच्या जिभेवर. कुठल्या जहाजाला किती धुराडी, पहिल्या वर्गाला न्याहारीला काय, तिसऱ्या वर्गाला चादर मिळायची की घरून आणावी लागायची, हे ते पानावर भात पडायच्या आत सुरू करायचे. पहिल्या डाकबोटींपैकी एकीवर ताज्या दुधासाठी डेकवर गाय बांधलेली असायची, ही हकिगत मी त्यांच्या तोंडून तीस वेळा तरी ऐकली असेल. दर वेळी मामी आमटी वाढता वाढता विचारायच्या, "तिचं शेण कुठे टाकायचे ते सांगा एकदा." "त्याचा उल्लेख सापडत नाही," मामा गंभीरपणे म्हणायचे. एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले! त्यांनी एका संग्रहालयाला पत्र लिहून शेणाबद्दल रीतसर विचारणा केली. चौकशीबद्दल आभार मानणारं दोन ओळींचं उत्तर आलं, ते त्यांनी फाइलला लावून ठेवलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मेधा ही त्यांची भाची कमी आणि मुलगी जास्त. साहजिकच मी झालो जावईबापू. २००१ साली आम्ही दोघं दोन बॅगा घेऊन जर्मनीत उतरलो तेव्हा मामा बानहोफवर, म्हणजे रेल्वे स्टेशनावर, एक पुठ्ठा धरून उभे होते. त्यावर आमची नावं आणि खाली सुबक अक्षरात, 'दुसरा वर्ग, आतली केबिन'. आतली केबिन म्हणजे त्यांच्या घरातली अंगणाकडची खोली. बैठकीची खोली पहिला वर्ग, तळघर म्हणजे तिसरा वर्ग, आणि जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू म्हणजे कॅप्टनचं टेबल. तिथे बसायचा मान रोज एकाला मिळे. त्या घरात आम्ही सहा आठवडे राहिलो. आल्याची नोंद करायला मामा माझ्याबरोबर आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, रांगेत उभे राहिले, फॉर्म त्यांनी भरले, काचेचा कचरा कुठल्या पिंपात आणि कागदाचा कुठल्या हे त्यांनी शिकवलं, घर शोधायला आठ ठिकाणी तेच आले. घरमालकिणीने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं की मामा आपली शुद्ध श्वाबियन, म्हणजे तिथली गावबोली, काढायचे, आणि त्या बाईचं तोंड सरळ व्हायचं. यातलं काहीही मी त्यांना सांगितलं नव्हतं. आपणहून करायचे, आणि करताना मात्र जहाजांबद्दल बोलत राहायचे. मला वाटायचं, मदत हवी, पण जहाजं आवरा.

विमानावर त्यांचा राग. पुण्याला जाताना नाइलाजाने विमानात बसायचे, पण तिथलं पाणीसुद्धा तोंडाला लावायचे नाहीत. "ज्यांनी जहाजं बंद पाडली त्यांचं मीठ मी खाणार नाही," असं हवाई सुंदरीला अस्खलित जर्मनमध्ये सांगून ते मामींनी डब्यात दिलेल्या दशम्या काढायचे. असा हा जहाजांचा कैवारी पाण्यावर मात्र टिकत नसे. बोडनझेच्या तळ्यात पाव तासाची फेरीबोट आहे. मोटारीसकट माणसं इकडून तिकडे नेते. आम्ही चौघं एकदा तिच्यात बसलो. तळं असं शांत की ताटात पाणी ओतून ठेवावं. मामांनी कठड्याशी उभं राहून जहाजाच्या डोलण्यामागचं शास्त्र सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला त्यांना उलटी झाली. मामींनी पर्समधून लिंबू काढलं. ते आधीच कापून आणलेलं होतं.

आणि ती निळी फीत! जे जहाज सर्वांत कमी वेळात अटलांटिक ओलांडेल त्याला 'निळी फीत' मिळाली असं म्हणायचे, आणि त्या मानासाठी देशादेशांत चुरस चाले. मामांनी हा मान झिंडेलफिंगेन ते श्टुटगार्टचं भारतीय दुकान या मार्गाला लागू केला होता. विक्रम मोडला की मोटारीच्या आरशाला मामींच्या परकराची निळी नाडी बांधली जायची. वेगाची मर्यादा ओलांडणं वर्ज्य. "मर्यादा मोडून फीत घेणं म्हणजे चोरी," असं त्यांचं मत. त्यामुळे सगळी मदार सिग्नलवर, आणि मामी हातात घड्याळ घेऊन नोंदी करायच्या. एका शनिवारी योगायोगाने मी त्यांच्यापेक्षा दोन मिनिटं लवकर पोचलो. मामांनी दुकानासमोरच माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, स्वतःच्या आरशाची नाडी सोडली आणि माझ्या आरशाला बांधली. सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुणी विचारेल म्हणून मी ती वाटेतच काढून टाकली. मामांनी नंतर कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती.

एका जहाजाचं नाव मात्र मामांच्या घरात निषिद्ध होतं. पहिल्याच सफरीत हिमनगावर आपटून बुडालेलं ते. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेलं. जहाज म्हटलं की समोरचा माणूस तेच नाव घ्यायचा आणि मामांच्या कपाळावर आठी उमटायची. त्यांच्या मनातलं जहाज वेगळं होतं. तेही चार धुराड्यांचं, त्याच्या आधी पाच वर्षं बांधलेलं, नाव मॉरिटानिया. सत्तावीस वर्षं चालू होतं, आणि त्यातली वीस वर्षं त्याच्यापेक्षा जलद अटलांटिक कुणी ओलांडला नाही. युद्धात सैनिक नेले, जखमी आणले, पुन्हा प्रवाशांच्या सेवेला रुजू झालं. "बुडलं नाही, हीच चूक झाली बिचाऱ्याची," मामा म्हणायचे. "आल्झो, म्हणजे असं बघा, जावईबापू. सत्तावीस वर्षं इमानाने नोकरी केली त्याचं नाव कुणाला माहीत नाही. आणि जे पहिल्याच खेपेत बुडालं, त्याचं नाव पोराटोरांच्या तोंडी." मामांनी घातलेली बंदी म्हणून त्या बुडालेल्याचं नाव या लेखात मीही लिहिणार नाही. ही सुबुद्धी मला फार उशिरा सुचलेली आहे.

आता माझं सांगतो. मामा घरी येणार म्हटलं की मी मेधाला मोबाइलवर फोन करायला सांगून ठेवायचो, म्हणजे ऑफिसचा फोन आला असं दाखवून आत पळता यायचं. एवढ्यावरही भागलं नाही. आमच्या मराठी मंडळाच्या जेवणावळीत जेवण झाल्यावर मी मामांची नक्कल करायचो. एक भुवई वर, बोट छताकडे, "आल्झो, जावईबापू, त्या डाकबोटीवर एक गाय होती." लोक हसून लोटपोट व्हायचे. मामा रविवारी दुपारी मोटारी बघायला जात त्या वेळचे हे कार्यक्रम, म्हणून त्यांच्या कानावर गेलं नसावं अशी माझी समजूत. या नकलेनेच मी मंडळात 'आवाजाचा माणूस' म्हणून प्रसिद्ध झालो, आणि गणेशोत्सवाचं निवेदन कायमचं माझ्याकडे आलं. म्हणजे ज्या आवाजासाठी मामांनी पुढे माझ्यापाशी शब्द टाकला, तो त्यांच्याच जिवावर नावारूपाला आलेला होता.

२००७ साली मामा निवृत्त होणार होते. त्या वर्षीचा गणपतीचा देखावा मी करतो, असं त्यांनी मंडळाला सांगितलं. देखावा कशाचा, हे कुणी विचारलं नाही. वर्षभर ते आणि मामी तळघरात होते. नऊ फुटांचं मॉरिटानिया, तीन तुकड्यांत, कारण सबंध जिन्यातून वर आलं नसतं. प्रत्येक खिडकीत दिवा. डेकवर कागदी माणसं, शेकड्यांनी, ती मामींनी रंगवलेली. तिसऱ्या वर्गाच्या काही बायका नऊवारीत होत्या. "वेळ जात नव्हता," मामी म्हणाल्या. गणपती बसणार कॅप्टनच्या जागी. उंदराचं काय, असं मी चेष्टेने विचारलं तर मामा म्हणाले, "जहाजावर उंदीर असतातच. ती सोय आयतीच झाली." चारही धुराड्यांत धूप ठेवून धूर काढायचा होता, कारण त्या बुडालेल्याचं चौथं धुराडं नुसतं वारा खेळवायला होतं, याची मात्र चारही खरी. दोन दिवसांचा उत्सव एका चर्चच्या हॉलमध्ये असे. तिथल्या हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याने, धूप म्हटल्यावर आगीचे नियम पुढे केले. मामांनी त्याला तासभर धुराड्यांचा इतिहास सांगितला. तासानंतर तो म्हणाला, चालेल, पण मी स्वतः बादली घेऊन शेजारी बसेन. आणि दोन्ही दिवस बसला.

देखाव्याचं निवेदन मामांनी लिहिलं होतं. बेचाळीस पानं, हातानं लिहिलेली, समासात कुठे थांबायचं त्याच्या खुणा. ती पानं माझ्या हातात देताना ते चक्क लाजले. "जावईबापू, तुमच्या आवाजात हवंय. लोकांना एरवी मी कंटाळवाणा होतो, मला कळतं ते. पण देखाव्यापुढे माणूस बसतो ना? एकदाच, एवढं एकदा सगळं सलग ऐकावं कुणीतरी." मी म्हणालो, मामा, शब्द न् शब्द वाचतो. मी पहिली नऊ पानं वाचली. मग मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. हे एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. जगातली कुठलीही गोष्ट आठ मिनिटांत बसते यावर त्यांचा विश्वास. "अरे, फोर्टी-टू पेजेस? लोक प्रसाद घेऊन निघून जातील. एट मिनिट्स मॅक्स. आणि सुरुवातच त्या बुडालेल्या बोटीपासून कर," आणि त्यांनी ते नाव घेतलं. "ती सगळ्यांना माहितीये. पोरं गप्प बसतील. नाहीतरी चार धुराड्यांची बोट, दिसतात सगळ्या सारख्याच. मी थर्माकोलचा हिमनग करून घेतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. निदान मामांना सांगायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही, आणि त्याचं कारण अध्यक्ष नव्हेत. खरं कारण हे की मला टाळ्या हव्या होत्या. मी स्वतःच आठ मिनिटांचं नवं निवेदन लिहिलं, त्यात काळरात्र होती, माणसाचा गर्व होता, बर्फाळ पाण्यातल्या किंकाळ्या होत्या, आणि शेवटी "अहंकाराचा हिमनग फोडणाऱ्या विघ्नहर्त्या, आमची जीवननौका पैलतीरी ने!" हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश होऊन चहा करून घेतला होता. दिवसाआड मामांचा फोन यायचा. "जावईबापू, पान सत्तावीसवर टर्बाइनपाशी घाई करू नका हं." मी म्हणायचो, "नाही मामा, अगदी सावकाश घेतलंय." "गेनाऊ, अगदी बरोबर," मामा समाधानाने म्हणायचे. मामांची बेचाळीस पानं तेव्हा प्रिंटरखाली होती, प्रिंटर डुगडुगू नये म्हणून.

उत्सवाच्या पहिल्या दिवशी दुपारी हॉल भरला. देखाव्यावर अध्यक्षांनी देवनागरीत मोठी पाटी लावली होती, त्या बुडालेल्या जहाजाच्या नावाची. मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी पाटी वाचून मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, बुडालेल्या बोटीवर गणपती का बसवला रे?" आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या चाळीस माणसांना ही शंका तोवर शिवलीही नव्हती. मग मामा आले. सूट, टाय, केस चापूनचोपून बसवलेले. त्यांच्यामागे कारखान्यातले चार जर्मन सहकारी, तेही सुटात, साहेबाच्या लग्नाला आल्यासारखे संकोचलेले. तीस-तीस वर्षं मामांच्या शेजारी साचे घासलेली माणसं ती. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्यात बोलावलं होतं. चौघांच्याही हातात कागदांची एकेक चळत होती. मामांनी सबंध निवेदनाचं जर्मन भाषांतर केलं होतं, बेचाळीस पानांचं, आणि चार प्रती काढून आणल्या होत्या, म्हणजे आपला जावई मराठीत बोलेल तेव्हा पाहुण्यांना ओळीवर बोट ठेवून समजून घेता येईल.

मामांची नजर पाटीवर गेली. मी ध्वनियंत्रापाशी बाजूला उभा होतो, मला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्यांनी पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी एका वायरशी चाळा करू लागलो. पाहुण्यांना देवनागरी वाचता येत नव्हतं हीच काय ती कृपा. पडदा सरकला. मॉरिटानियाचे शेकडो दिवे लागले, चार धुराड्यांतून चार रेषा वर गेल्या, हाउसमाइस्टरने बादली जवळ ओढली, आणि क्षणभर सगळा हॉल आ वासून बघत राहिला. तेवढा एक क्षण मामांचा होता. मग आधीच मुद्रित केलेला माझा आवाज सुरू झाला.

चौघांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. मामांनीही आपल्या मूळ प्रतीवर ठेवलं. माझा आवाज काळरात्रीबद्दल बोलत होता आणि पहिल्या पानावर ती पहिली चाकाची आगबोट होती. मामांचं बोट न अडखळता ओळीवरून सरकत राहिलं, जणू मी तेच वाचतोय. थोड्या वेळाने त्यांनी शांतपणे पान उलटलं, चौघांनी उलटलं. मग माझ्या आवाजाने ते नाव घेतलं. ते नाव कुठल्याही भाषेत कळतं. एका सहकाऱ्याने चमकून मामांकडे पाहिलं, पानं मागेपुढे केली, आणि तेवढ्यात दोन कार्यकर्ते वाकून वाकून थर्माकोलचा हिमनग घेऊन मामांच्या जहाजाकडे निघाले. मी मामांना भराभर पानं चाळताना पाहिलं. त्या बुडण्यानंतर जहाजांचे मार्ग दक्षिणेकडे सरकवले, असा काहीतरी परिच्छेद त्यांनी पान एकोणिसावर लिहिला होता. ते पान त्यांनी शोधून काढलं, सहकाऱ्याच्या प्रतीतही काढून दिलं, हिमनग या शब्दाखाली बोट ठेवलं आणि मान हलवून हलक्या आवाजात म्हणाले, "गेनाऊ, गेनाऊ. इथे आहोत आपण." आठ मिनिटं हा माणूस माझ्या खोट्याला आपल्या कागदांत जागा शोधून देत होता. शेवटी जीवननौका पैलतीरी लागली, हॉल टाळ्यांनी दणाणला, आणि चौघा जर्मनांनी आदराने पान बेचाळीस उलटून प्रती मिटल्या. इतक्या टाळ्या मला त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या. हॉलमधून पळून जावंसंही त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

प्रसादाच्या वेळी मामा स्वतः माझ्याकडे आले. "आवाज छान लागला हो तुमचा," म्हणाले. मी म्हणालो, "मामा, ते अध्यक्षांनी ऐनवेळी..." म्हणजे त्या घडीलाही मी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "अहो, चालायचंच," मामा म्हणाले. "एवढी माणसं धरून ठेवायची तर लोकांना काय आवडतं ते बघावं लागतं. बरोबरच आहे." ते रागावले असते, चारचौघांत माझा कान धरला असता, तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. ते खुर्च्यांवर राहिलेल्या प्रती गोळा करायला गेले. मामींनी माझ्या हातावर शिरा ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. घरी जाताना गाडीत मेधा एवढंच म्हणाली, "तू त्यांच्यासमोर चूक कबूल करायला हवी होतीस."

त्यानंतर मामा माझ्यापुढे जहाजांबद्दल बोलेनासे झाले. वागण्यात तसूभर फरक नाही. जेवायला बोलवायचे, कॅप्टनच्या टेबलाशी मलाच बसवायचे, पण ते कॅप्टनचं टेबल आहे असं म्हणायचे नाहीत. ज्या शांततेसाठी मी एके काळी देवाला नवस बोललो असतो, ती शांतता आता पानावर वाढलेली असायची. एकदा मामींनीच न राहवून सुरुवात केली, "अहो, त्या डाकबोटीवर ती गाय होती ना..." मामा म्हणाले, "मेथी छान झालीय आज." मामींनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. चूक कबूल करायला मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा मामांनी माझ्या कामाची, बॉसची, नव्या घराची चौकशी करून मला इतक्या मायेने अडवलं की मी बंद पडलो.

त्या हिवाळ्यात मी प्रिंटरखालची बेचाळीस पानं काढली आणि पहिल्यांदा सगळी वाचली. ती कंटाळवाणी नव्हती. मध्ये मध्ये लांबलेली होती, टर्बाइन तर फारच, पण त्यांत भट्टीत कोळसा टाकणारी माणसं होती, चादरी धुणाऱ्या बायका होत्या, हांबुर्गहून आणि ब्रेमरहाफेनहून पोटासाठी निघालेली कुटुंबं होती, आणि बुडालेलं जहाज केवळ अर्ध्या पानावर होतं. शेवटचं पान मॉरिटानियाच्या शेवटच्या फेरीचं. भंगारात निघालेलं ते जहाज, ज्या नदीकाठी ते बांधलं गेलं तिच्या मुखापाशी वाटेत थोडा वेळ थांबलं. मामांनी लिहिलं होतं: 'किनारा माणसांनी फुलून गेला होता. ज्यांनी ते बांधलं होतं ते म्हातारे कामगार आले होते, त्यांची मुलं आली होती, नातवंडांना खांद्यावर घेऊन दाखवत होते, की बघ, हे आम्ही केलं. जहाजाने भोंगा दिला. मग ते पुढे गेलं.' समासात खूण होती, 'इथे थांबावे'. निवृत्तीच्या वर्षी, आपल्या चार साथीदारांना शेजारी बसवून, मामांना हे ऐकायचं होतं. मी दोन सुट्ट्या खर्ची घालून सगळं निवेदन ध्वनिमुद्रित केलं, टर्बाइनपाशी घाई केली नाही, आणि सीडी त्यांना नेऊन दिली. "कशाला एवढा त्रास घेतलात," म्हणून त्यांनी ती जपून कपाटात ठेवली. ऐकली की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या वसंतात मामा-मामी कायमचे पुण्याला जायला निघाले. मॉरिटानिया त्या हाउसमाइस्टरने मागून घेतलं. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर त्यांना सोडायला मी निघालो. मामी आणि मेधा मागे, मामा माझ्या शेजारी. झिंडेलफिंगेनमधून बाहेर पडताना कारखान्याची लांबच लांब भिंत लागते. ती संपेपर्यंत मामा तिच्याकडे बघत होते. फाटकापाशी कुणी नव्हतं. कशाला असेल, कामाची वेळ होती. मला राहवलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा मी आपणहून त्यांना जहाजाबद्दल विचारलं. "मामा, ते शेवटचं निघालं तेव्हा नदीच्या तोंडाशी थांबलं होतं ना? किनाऱ्यावर खूप लोक आले होते?"

मामांनी पट्टा नीट केला आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आले असतील."